मोसमी फ्लू पसरू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात फ्लूचे हंगाम दोन. मोठा पावसाळ्यातला, साधारण जुलै ते सप्टेंबर. धाकटा थंडी सरतानाचा, जानेवारी ते मार्च. दर हंगामात लोक फरशीवर फिनेल ओततात, दाराशी कापूर जाळतात आणि खोकणाऱ्या माणसाला मात्र "एवढ्याने काय होतंय" म्हणून कामावर पाठवतात. खालच्या उत्तरांत भर दोनच गोष्टींवर आहे: आजाराचे पहिले काही दिवस आणि खोलीतली हवा. बाकी सगळे त्यानंतर.

साधे पडसे कोणते आणि फ्लू कोणता, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

पडसे दबकत येते. नाक चुळचुळते, शिंका येतात, दुसऱ्या दिवशी घसा धरतो आणि माणूस कुरकुरत का होईना, आपली कामे करत राहतो. फ्लू झडप घालतो. सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेला माणूस दुपारी कसकस घेऊन परततो. संध्याकाळपर्यंत ताप १०१ ते १०३ फॅरनहाइट, हातपाय ठणकतात, डोळे फिरवले तरी दुखतात, खोकला कोरडा. आजार साधारण कोणत्या वेळी सुरू झाला हे रुग्णाला नेमके सांगता येत असेल, तर फ्लूचा संशय बळावतो. लहान मुलांना याच्या जोडीला उलट्या-जुलाबही होतात. म्हाताऱ्या माणसांना ताप फारसा येतोच असे नाही. नुसता खोकला आणि एकदम गळून जाणे, एवढेच दिसते.

पावसाळ्यात एक मेख आहे. ताप आहे, अंग दुखते आहे, पण सर्दी-खोकला अजिबात नाही, अशा वेळी आधी डेंग्यू-मलेरियाचा विचार करा. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार). म्हणूनच पावसाळी तापावर घरी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलांना तर फ्लू असतानाही अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मेंदू आणि यकृतावर आघात करणारा राय सिंड्रोम त्यातून होऊ शकतो.

रुग्णापासून दुसऱ्याला लागण कधीपासून कधीपर्यंत होते?

विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुधा २. लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना आजार देऊ लागतो आणि पुढे ५ ते ७ दिवस देत राहतो. त्यातले पहिले ३-४ दिवस सर्वांत घातक. लहान मुले १० दिवस किंवा जास्तही विषाणू सोडतात, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे (केमोथेरपी, मूत्रपिंड प्रत्यारोपण) ते त्याहून अधिक काळ.

आदल्या दिवसाचे कुणाच्याच हाती नसते. पण कणकण जाणवली त्या तासापासून वेगळे बसणे हातात असते. बहुतेक घरांत रुग्णाला वेगळे केले जाते ते डॉक्टरांनी "फ्लू वाटतोय" म्हटल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर ज्यांना लागण व्हायची ती झालेली असते.

तो नक्की पसरतो कशातून? हातांमधून की हवेतून?

दोन्हींतून, पण सारख्या प्रमाणात नाही. खोकला-शिंकेतले मोठे थेंब साधारण १ मीटरच्या आत खाली पडतात. बारीक तुषार मात्र बंद खोलीत तरंगत राहतात. बोलताना, नुसता श्वास सोडतानाही ते बाहेर येतात. तिसरा मार्ग हातांचा: स्टील-प्लॅस्टिकवर विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापड-कागदावर त्याहून कमी, आणि हातांवर तर काही मिनिटेच. म्हणजे दाराची कडी धरली आणि लगेच डोळा चोळला, तर धोका. कालच्या वर्तमानपत्राला घाबरण्याचे कारण नाही.

घर एका खोलीचे, माणसे पाच. एकाला फ्लू झाला. "वेगळे ठेवा" म्हणजे नेमके काय करायचे?

वेगळी खोली नसेल तर वेगळी जागा, वेगळी वेळ आणि वेगळी दिशा.

जागा: रुग्णाला खिडकीशी झोपवा, दाराशी किंवा मोरीच्या वाटेवर नको. खिडकीशी ठेवल्यावर त्याचा श्वास बाहेर जायला जवळची वाट मिळते. त्याच्या अंथरुणापासून दुसरे अंथरूण निदान १ मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन पावलांवर. दोघांमध्ये साडीचा किंवा चादरीचा पडदा लावतात. खोकल्याचे थेंब त्याने थोडे अडतात, पण त्यामुळे खिडकीची हवा तुंबत असेल तर पडदा काढलेलाच बरा.

दिशा: एकमेकांशेजारी झोपावेच लागत असेल तर एकाचे डोके उत्तरेला ठेवलेत तर दुसऱ्याचे दक्षिणेला करा. रात्री आठ तास तोंडासमोर तोंड येत नाही, एवढ्यानेही बरेच साधते. (दक्षिणेला पाय करायचे नाहीत ही अडचण असेल तर पूर्व-पश्चिम करा, विषाणूला दिशा कळत नाहीत.)

वेळ: जेवण सगळ्यांनी एकत्र नको. जेवताना मास्क नसतो, गप्पा असतात आणि मधले भांडे एकच असते. रुग्णाने आधी किंवा मागून, खिडकीशी बसून जेवावे. न्हाणीघर एकच असेल तर त्याने आंघोळ शेवटी करावी आणि नंतर तिथली झडप अर्धा तास उघडी ठेवावी.

आता माणसांचे. रुग्णाकडे एकानेच बघायचे. कोणी? ज्याने यंदाची लस घेतली आहे असा धडधाकट माणूस. प्रत्यक्षात हे काम आजीकडे किंवा गर्भवती सुनेकडे जाते, कारण त्या घरात असतात. नेमक्या त्याच सर्वांत जास्त जोखमीच्या. घरात असतील तर मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी आणि पाच वर्षांखालची मुलेही रुग्णापासून सर्वांत लांब ठेवावीत; जवळ नातेवाईक असतील तर तान्ह्या बाळाला आईसकट चार दिवस तिकडे पाठवणे उत्तम, मात्र आईला आणि बाळाला अजून लक्षणे नसतील तरच. नाहीतर एका घरातला आजार दोन घरांत होतो.

खिडक्या उघडायच्या की बंद? पंखा, एसीचे काय?

उघडायच्या. "गार वारा लागेल" या भीतीने रुग्णाची खोली गच्च बंद करतात आणि मग त्याच हवेत सेवा करणारा दिवसभर श्वास घेतो. गार वाऱ्याने फ्लू होत नाही. रुग्णाला थंडी वाजत असेल तर पांघरूण वाढवा.

छताचा पंखा हवा फक्त ढवळतो. खिडकी उघडी असेल तर चालेल, बंद असेल तर रुग्णाच्या तोंडचे तुषार तो खोलीभर करतो. टेबलफॅन असेल तर तो खिडकीत, बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवा आणि खोलीचे दार लोटून घ्या, खाली बोटभर फट राहू द्या. हवा घरातून रुग्णाच्या खोलीत आणि तिथून बाहेर, अशी वाहायला हवी. जमले की नाही हे बघायला दाराच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा: धूर आत ओढला गेला तर बरोबर, तुमच्याकडे आला तर उलटे चालले आहे. सहसा वारा समोरून त्याच खिडकीवर येत असतो. मग दुसऱ्या बाजूची खिडकी वापरा. परीक्षा झाली की उदबत्ती विझवा, खोकणाऱ्याला धूर सोसत नाही.

आणखी एक चूक हमखास होते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट दिवसभर लावतात. रुग्ण आतल्या खोलीत आणि एक्झॉस्ट ओट्यावर, तर ती हवा सगळ्या घरातून ओढून स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावरून बाहेर जाते. रुग्णाच्या खोलीचे दार लावलेले असेल तेव्हाच तो लावावा.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून परत देतो. खिडकीतल्या एसीला ताज्या हवेची छोटी झडप असते. ती बहुधा बंदच ठेवलेली असते, उघडा. पाऊस आत येतो म्हणून सगळे बंद करावे लागत असेल तर वरचे झरोके तरी उघडे ठेवा आणि सर थांबली की दहा मिनिटे समोरासमोरची दारे-खिडक्या सताड उघडा.

मास्क कोणता? रुमाल बांधला तर चालतो का?

रुग्णासाठी तीन पदरी सर्जिकल मास्क, रंगीत बाजू बाहेर, नाकावरची पट्टी दाबून बसवलेली. जवळून सेवा करणाऱ्याने जमल्यास एन-९५ वापरावा. रुग्णाने झडपेचा एन-९५ मुळीच वापरू नये: आत येणारी हवा तो गाळतो, पण रुग्णाचा उच्छ्वास झडपेतून न गाळता बाहेर सोडतो. सर्जिकल मास्क ६ ते ८ तासांनी, किंवा ओला झाला की त्याआधीच बदला. हनुवटीवर उतरवून पुन्हा नाकावर चढवलेला मास्क म्हणजे बाहेरची बाजू तोंडात घालण्यासारखे आहे.

रुमालाचे दोन-तीन पदर काहीच नसण्यापेक्षा बरे, एवढेच. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावू नये, गुदमरण्याचा धोका असतो.

खोकताना तोंडावर काय धरायचे?

टिश्यू मिळाला तर टिश्यू, आणि तो लगेच झाकणाच्या डब्यात. नसेल तर कोपर वाकवून बाहीत खोकायचे. तळहात नको, कारण पुढच्या मिनिटाला तोच हात लोकलच्या दांड्यावर किंवा कुणाच्या हातात असतो.

पदर आणि ओढणी यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मुलाचे नाक पुसले त्याच पदराने ताट पुसले जाते, त्यानेच गरम भांडे उतरवले जाते. फ्लूच्या दिवसांत मुलाच्या नाकासाठी जुन्या सुती धोतराचे तळहाताएवढे वीस-पंचवीस तुकडे कापून ठेवा. एकदा वापरला की झाकणाच्या बादलीत साबणाच्या पाण्यात. धुऊन उन्हात वाळवा. फुकट पडतात आणि कागदी टिश्यूपेक्षा नाकाला मऊ लागतात.

हात किती वेळ धुवायचे? सॅनिटायझर चांगले की साबण?

२० सेकंद साबणाने, मग वाहत्या पाण्याखाली. फ्लूच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते. साबण ते फोडतो आणि विषाणू निकामी होतो. म्हणून "जंतुनाशक" असे लिहिलेला महागडा साबणच हवा असे नाही, कपड्याची वडीही चालते. अंगठा, बोटांची टोके आणि अंगठीखालची जागा हमखास सुटते.

पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोलचे सॅनिटायझर. थेंबभर घेऊन उपयोग नाही, दोन्ही हात २० सेकंद ओले राहतील एवढे घ्या. मळलेल्या, तेलकट हातांवर ते काम करत नाही. आणि हात पूर्ण कोरडे होण्याआधी गॅस पेटवू नका, निरांजन हातात घेऊ नका. अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही.

फरशी, कड्या, मोबाइल कशाने पुसायचे?

रोजच्या डिटर्जंटने फरशी पुसली तरी पुरते. लक्ष द्यायचे ते हात लागणाऱ्या जागांवर: कड्या, नळ, फ्रिजचे दार, रिमोट, स्विच, जिन्याचा कठडा, मोबाइल. दिवसातून दोनदा. मोबाइलला पाणी नको, ७० टक्के अल्कोहोलने ओलसर केलेला कपडा.

जंतुनाशक द्रावण करायचेच असेल तर ०.१ टक्के क्लोरीनचे करा. बाजारातल्या ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिली १ लिटर पाण्यात. ग्रामपंचायतीची टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर असेल तर ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, १ लिटरला. गाळ खाली बसू द्या आणि वरचे निवळ वापरा. आधी धूळ-चिकटा साबणाने काढा, मग द्रावण लावून १० मिनिटे ओले राहू द्या. मळावर टाकलेले क्लोरीन मळातच संपते. द्रावण रोज नवे करा. दमट हवेत उघडी राहिलेली टीसीएल पावडर महिन्याभरात मंद होते, वास गेला म्हणजे दमही गेला.

संडास साफ करण्याच्या आम्लात किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये हे कधीही मिसळू नका. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो लहान मोरीत फ्लूपेक्षा आधी माणूस आडवा करतो.

गल्लीत धूर मारणारी गाडी फिरते ती डासांसाठी. फ्लूवर तिचा काही परिणाम नाही.

रुग्णाची भांडी-कपडे वेगळे धुवायचे का?

ताट-वाटी-पेला वेगळा ठेवा, पण धुवायला तीच घासणी, तोच साबण चालतो. अंथरूण-पांघरूण झटकू नका. गुंडाळून अंगापासून दूर धरत बादलीत टाका. साबणाने धुऊन उन्हात वाळवले की झाले.

मूल आजारी असले तरी चाचणी आहे म्हणून शाळेत पाठवावे लागते. तापाचे औषध देऊन पाठवले तर?

नका पाठवू. पॅरासिटामॉलचा असर ४ ते ६ तासांचा. सकाळी सातला दिलेले औषध मधल्या सुटीत उतरते आणि ताप वर येतो. त्याआधीचे सगळे तास ते मूल ताप नसलेले, खेळते आणि पुरेपूर संसर्गजन्य असते. एका बाकावर तीन मुले, डब्यातली देवाणघेवाण, तोंड लावून फिरणारी पाण्याची बाटली. साथ पसरायला आणखी काय लागते?

परत पाठवण्याची कसोटी साधी आहे: तापाचे औषध न देता सलग २४ तास ताप नाही आणि खोकला कमी. बहुतेकांना ५ ते ७ दिवस लागतात. मोठ्यांनाही कामावर परतायला हीच कसोटी.

शाळांकडून दोन अपेक्षा. पावसाळ्यातही वर्गाची समोरासमोरची खिडकी आणि दार उघडे ठेवा, निदान दर तासिकेच्या शेवटी पाच मिनिटे. आणि शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बंद करा. तो पुरस्कार तापाने फणफणलेल्या मुलांना वर्गात आणण्यासाठीच जणू काढला आहे.

घरी बसलो तर पगार कापतात. मग?

प्रतिबंधाच्या सगळ्या सल्ल्यांत ही खरी अडचण. राज्य कामगार विमा योजनेत असाल आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर विमा दवाखान्याच्या प्रमाणपत्रावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, साधारण वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. मात्र आजाराचे पहिले २ दिवस सहसा त्यात धरत नाहीत. प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी घ्या, मागाहून मिळवताना दमछाक होते. घरकामाला येणाऱ्या मावशींना अशी कसलीच सोय नाही. त्यांना ताप असेल तर चार दिवसांची रजा पगारासकट द्या. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांसाठी तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. सोसायटीच्या बैठकीत सॅनिटायझरच्या स्टँडवर तासभर चर्चा होते, यावर होत नाही.

लोकल, एसटी, वारी, गणपती: गर्दी टाळता येत नाही. काय करावे?

लक्षणे असतील तर जाऊ नका, हा पहिला आणि बहुतांशी शेवटचा नियम. निरोगी असाल तर गर्दीच्या डब्यात मास्क, खिडकी उघडी, उतरल्यावर हात धुणे. एसी लोकलपेक्षा उघड्या दारा-खिडक्यांच्या डब्यात हवा कितीतरी जास्त बदलते, हे मात्र खरे.

वारीत दिवसभर उघड्यावर चालण्यात धोका कमी. खरा धोका रात्री राहुटीत, पावसामुळे सगळे बाजूंचे पडदे सोडून दाटीवाटीने झोपण्यात. वाऱ्याच्या उलट बाजूचा एक पडदा वर गुंडाळून ठेवा, आणि दिंडीत तापाचा माणूस असेल तर त्याला त्या उघड्या बाजूला जागा द्या. साठीपुढचे वारकरी, मधुमेही यांनी प्रस्थानाच्या दोन आठवडे आधी लस घेतलेली असावी.

गणपतीत घरोघरच्या आरतीला बंद दिवाणखान्यात वीस माणसे मोठ्याने म्हणत असतात. मोठ्या आवाजात तुषार जास्त निघतात. खिडक्या उघडा, पाळीपाळीने आरती ठेवा. प्रसाद एकाने चमच्याने वाढावा.

लस कोणती, कधी आणि कोणी घ्यायची?

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण नकाशात उत्तरेला असलो तरी आपला मोठा हंगाम पावसाळ्यात येतो. त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत, त्या वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस घेणे सर्वांत सोयीचे. खोक्यावर एसएच (दक्षिण गोलार्ध) किंवा एनएच (उत्तर गोलार्ध) आणि वर्ष छापलेले असते, ते वाचूनच टोचून घ्या. मे महिन्यात गेल्या वर्षीची एनएच लस दिली जात असेल तर ती मुदत संपत आलेली असते. जून उलटला म्हणून लस वाया जात नाही. हंगाम सुरू असेपर्यंत जी ताजी उपलब्ध असेल ती घ्यावी. संरक्षण तयार व्हायला २ आठवडे लागतात आणि वर्षभरात ते ओसरते, शिवाय विषाणू रूप बदलतो. म्हणून दरवर्षी.

परदेशातल्या मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी: अमेरिका-इंग्लंडला हिवाळ्यात जायचे असेल तर निघण्याआधी किमान दोन आठवडे नवी एनएच लस, ऑस्ट्रेलियाला मे ते सप्टेंबरात जायचे असेल तर एसएच.

"तीन विषाणूंची लस की चार विषाणूंची?" हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. चौथा घटक बी-यामागाटा जातीच्या विषाणूचा होता, आणि ती जात मार्च २०२० नंतर कुठे फिरताना आढळलेली नाही. दोन्हींतली कोणतीही चालेल.

प्राधान्य कुणाला: गर्भवती (कोणत्याही महिन्यात), ६ महिने ते ५ वर्षांची मुले, साठीपुढचे, मधुमेह-दमा-हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण, दवाखान्यात काम करणारे सर्व. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही. त्याचे संरक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून आणि घरातल्यांच्या लसींतून होते. ६ महिने ते ८ वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा देत असाल तर ४ आठवड्यांच्या अंतराने २ मात्रा, पुढे वर्षाला १. पहिली घेऊन दुसरी विसरणे फार होते, आणि एकट्या पहिल्या मात्रेने लहानग्यांत पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात ही लस नाही. राज्याच्या आरोग्य विभागाकडून गर्भवती, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना साठा असेल तसा मोफत दिली गेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. औषधाच्या दुकानातून विकत घेऊन दुपारच्या उन्हात दवाखान्यात नेऊ नका. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी, आणि बर्फाला थेट चिकटून गोठली तरीही ती निकामी होते. जिथे ठेवलेली आहे तिथेच टोचून घ्यावी.

लस घेऊनही फ्लू झाला. मग उपयोग काय?

लसीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू जुळले त्या वर्षी डॉक्टरकडे जावे लागेल अशा फ्लूपासून साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण मिळते. एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराच्या हंगामात आणि वृद्धांत कमी. फार नाही, पण न्यूमोनिया आणि रुग्णालयात दाखल होणे याने घटते. शिवाय लशीनंतर झालेले प्रत्येक पडसे फ्लूच असते असे नाही. इंजेक्शनच्या लशीत विषाणू मारलेला असतो, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे आणि एखादा दिवस कणकण, एवढे होते. अंड्याची अ‍ॅलर्जी आता अडसर मानत नाहीत. याच लशीने पूर्वी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर मात्र नको.

टॅमिफ्लूची गोळी आधीच घेऊन ठेवली तर बचाव होईल?

तिच्यातले औषध ऑसेल्टामिव्हिर. उपचारासाठी मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस. लक्षणांपासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर फायदा सर्वाधिक. मळमळ होते म्हणून जेवणाबरोबर घ्यावी, आणि बरे वाटले म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नये. मुलांची मात्रा वजनावर, मूत्रपिंडाच्या रुग्णांची वेगळी, त्यामुळे डॉक्टरच ठरवतील. प्रतिबंधासाठी ती देतात, पण निवडकांना: घरात रुग्ण आहे आणि शेजारी केमोथेरपी घेणारा माणूस आहे, अशा वेळी. प्रत्येकाने घेत सुटल्यास विषाणू तिला सरावतो. अँटिबायोटिक मात्र फ्लूवर चालतच नाही. नंतर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तरच त्याचे काम.

तपासणी करून घ्यावी का?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. सौम्य ताप-खोकला म्हणजे अ: घरी राहा, तपासणी नको, ऑसेल्टामिव्हिरही नको. जास्त ताप आणि घसा खूप दुखणे, किंवा जोखमीचा रुग्ण म्हणजे ब: डॉक्टर गोळी सुरू करतील, तपासणीसाठी थांबायचे नाही. धोक्याची लक्षणे म्हणजे क: दाखल करा, घशा-नाकाचा स्वॅब घ्या. रक्ताच्या तपासणीतून फ्लू कळत नाही.

३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला आणि त्यानंतर शहरातल्या तपासणी केंद्रांवर रांगाच रांगा लागल्या. साधे पडसे झालेले आणि खरा फ्लू झालेले तासन्‌तास एकमेकांना खेटून उभे होते. आजही बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर तेच घडते. अ गटातले असाल तर आधी फोनवर डॉक्टरांशी बोला.

वाफ, काढा, कापराची पोटली?

वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटते, विषाणू मरत नाही. मुलांना पातेल्यावर वाकवू नका. उकळते पाणी मांडीवर सांडून भाजलेली मुले साथीच्या दिवसांत जास्त दिसतात. काढा, हळदीचे दूध घशाला बरे वाटते, घ्या. कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, नाकात-तोंडात तर नकोच. थोडा पोटात गेला तरी आकडी येऊ शकते.

मुलाला पॅरासिटामॉल किती?

किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, किमान ४ ते ६ तासांच्या अंतराने, २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही. घोळ बाटलीत होतो: काहींत ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, काहींत २५०. १२ किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर १२५ च्या बाटलीतून ६ मिली आणि २५० च्या बाटलीतून ३ मिली. मागच्या वेळी "एक झाकण" दिले होते म्हणून याही वेळी, असे करू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध नको, थेट डॉक्टर.

आईला फ्लू झाला तर बाळाला पाजावे का?

पाजावे. दुधातून फ्लू जात नाही, उलट प्रतिपिंडे जातात. हात धुऊन, मास्क लावून पाजा. बाकीचा वेळ बाळ दुसऱ्याकडे. अंगात ताकद नसेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने दुसऱ्याने द्यावे.

चिकन किंवा डुकराचे मांस खाल्ल्याने होतो का?

नाही. "स्वाइन फ्लू" हे २००९ च्या विषाणूचे नाव राहून गेले. तो आता माणसांतला नेहमीचा मोसमी फ्लू आहे. बर्ड फ्लू वेगळा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत तो आढळला, ती भारतातली पहिली साथ. तेव्हाही नीट शिजवलेल्या मांसाचा धोका नव्हता. धोका आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना असतो.

कधी घरी थांबायचे नाही?

धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे, थुंकीत रक्त, ओठ-नखे निळसर, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली. ताप उतरून एक-दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा जोरात ताप-खोकला आला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मुलांत श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना: २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिने ५०, १ ते ५ वर्षे ४० किंवा त्याहून जास्त असेल तर निघा. अंगावर न पिणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, लघवी कमी होणे हीही तीच सूचना. गर्भवती आणि मधुमेहींनी धाप लागायची वाट बघू नये, पहिल्या दिवशीच डॉक्टरांना कळवावे; मधुमेहात तापाने साखर वर जाते, त्यामुळे जेवण कमी झाले तरी इन्सुलिन परस्पर बंद करू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४. फोनवरच "फ्लूचा संशय आहे" सांगा आणि रुग्णाला मास्क लावूनच गाडीत बसवा, गाडीच्या काचा खाली.